ट्रेबाहेरचा तुकडा

ऑपरेशन थिएटरचं दार आतून उघडलं की बाहेर बसलेले सगळे एकदम उभे राहतात. आपल्याच माणसाची बातमी असेल असं प्रत्येकाला वाटतं. मग मी नाव पुकारतो आणि एक सोडून बाकीची कुटुंबं परत खाली बसतात. त्या बसण्याचाही एक आवाज होतो. इतकी वर्षं झाली, तो मला अजून सहन होत नाही. संपादकांनी ‘कामाबद्दल लिहा’ म्हटल्यावर आधी तोच आठवला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शेवटपर्यंत टिकलो तर बरं. याआधी लिहायला बसलो होतो तेव्हा मधेच उठून गच्चीवर फेऱ्या मारत राहिलो.

मी परफ्युजनिस्ट आहे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द कुणी काढला असेल तर माझ्या कानावर आलेला नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही असं एकदा मीटिंगमध्ये समजावून सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, “बरं, म्हणजे कंपाउंडर.” तेव्हापासून डॉक्टर चालवून घेतो.

काम असं. हृदयाचं ऑपरेशन करायचं तर हृदय थांबवावं लागतं. ते थांबलेलं असताना शरीराचं रक्त एक मशीन फिरवतं. नळीतून काळपट रक्त येतं, त्यात प्राणवायू मिसळतो, ते लाल होऊन परत जातं. ते मशीन मी चालवतो. सर्जनच्या पाठीमागे बसतो, त्यामुळे पेशंटचा चेहरा मला दिसत नाही. मला दिसतं ते त्याचं रक्त.

आमच्याकडे एक विशेष ऑपरेशन व्हायचं. हृदयातून फुफ्फुसांकडे रक्त नेणारी एक मोठी वाहिनी असते. तिच्यात रक्ताच्या गुठळ्या अडकून, जुन्या होऊन, नळाला आतून क्षार धरावा तशा भिंतीला चिकटतात. माणसाला दोन पायऱ्या चढवत नाहीत. त्या गुठळ्या आतल्या पातळ अस्तरासकट सोलून काढायच्या. पण रक्त वाहत असताना तिथे काही दिसत नाही. म्हणून पेशंटला मशीननं हळूहळू थंड करत न्यायचं आणि मग मशीनच बंद करायचं. तेवढा वेळ त्या माणसाचं रक्त माझ्यासमोरच्या पारदर्शक टाकीत साठून राहिलेलं असतं. माणूस तिकडे टेबलावर, गार. रक्त इकडे. मी घड्याळ बघत मिनिटं मोठ्यानं म्हणत असतो आणि थिएटरमध्ये दुसरा आवाज नसतो. आमच्या कामात एक अभिमान असतो, रक्ताचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. सांडलेलंसुद्धा ओढून, गाळून परत द्यायचं. तो अभिमान मलाही होता. होता म्हणतो.

आता ट्रेबद्दल.

आपल्याकडे पद्धत आहे, ऑपरेशन झालं की काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायचा. परदेशी शिकून आलेले डॉक्टर सुरुवातीला नाकं मुरडतात, मग तेही दाखवायला लागतात. लोकांना बघायचं असतं. खरंच काही काढलं का, याची खात्री करायची असते. छाती शिवायला घेतली की माझं काम हलकं व्हायचं, मशीनपाशी जोडीदार थांबायचा, आणि आमचे सर, म्हणजे सर्जन, म्हणायचे, “जा रे, तुझी मराठी गोड आहे, ट्रे दाखवून ये.” बाहेर दाखवून झालं की ट्रेमधलं सगळं बरणीत घालून एक मजला खाली लॅबमध्ये द्यायचं. हेही मीच करायचो. ते कुणी नेमून दिलेलं नव्हतं, सवयीनं माझ्याकडे आलं होतं.

दारातले नमुने कितीतरी. नारायण पेठेतले एक निवृत्त गृहस्थ होते, भावाच्या हृदयाची झडप बदलली होती. मी जुनी झडप पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि विचारलं, “ही आमच्या बंधूंचीच कशावरून? सकाळपासून हीच फिरवत असाल सगळ्यांपुढे.” मी म्हटलं, आज एकच ऑपरेशन आहे. “असं होय. मग घरी नेऊ?” नाही, लॅबला द्यायची आहे. “म्हणजे दाखवायची आणि परत आत न्यायची. आमच्या चौकातला साडीवाला हेच करतो.”

कॅम्पातले युसूफभाई अत्तराचा धंदा करायचे. त्यांच्या आईच्या हृदयातून गाठ काढली, साधी होती. त्यांनी ट्रेकडे नीट पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, “तपासून झालं की हे आम्हाला मिळेल का? अम्मीच्या अंगाचं आहे, साहेब. मातीत द्यावं लागतं. कचऱ्यात नको.” लॅबचं काम संपल्यावर, रीतसर परवानगी घेऊन, पांढरं कापड बरोबर आणून ते घेऊन गेले. ‘कचऱ्यात नको’ हे शब्द मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. पुढे ते परत आले.

आणि एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या वाहिनीतून निघालेलं सगळं मी आहे तसं नेलं. त्यात अस्तराचा थोडा गुलाबी भाग होता. बाई ओरडल्या, “अहो, हे मांस आहे! चांगलं मांस कापून आणलंत तुम्ही!” दीर धावून आले, वॉचमन आला. सर हातमोजे काढत बाहेर आले आणि सगळं निस्तरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “ज्यांना कळत नाही त्यांना नको ते कशाला दाखवतोस? जरा नीट मांडून नेत जा.”

तेव्हापासून मी मांडायला लागलो.

हिरवं कापड अंथरायचं. गुठळ्या सलाइननं धुवायच्या. वाहिनीला जशा फांद्या फुटतात तशा त्या निघतात, त्या तशाच क्रमानं लावायच्या. खाली बुंधा, वर डहाळ्या. काळसर तांबडं झाड दिसायचं. लोक बघत राहायचे, फोटो काढायचे. सरही त्यांच्या भाषणांत ते फोटो दाखवायला लागले. आणि ज्यानं झाड बिघडेल, जे मांसासारखं दिसेल, ते मी ट्रेमध्ये घ्यायचो नाही. आधी ते वेगळं ठेवून नंतर बरणीत टाकायचो. पुढे पुढे तेही राहायला लागलं. गुठळी ती गुठळी. रिपोर्ट नेहमी एकच यायचा.

पाणी पिऊन आलो. आता वाघोलीच्या ताईंविषयी लिहायचंय.

त्यांना कुसुमताई म्हणू. नाव खरं नाही. वाघोलीत त्यांची थोडी जमीन बिल्डरला गेली होती, थोडी उरली होती. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, त्यांना बबनराव म्हणू, ते खडी-वाळू पुरवायचे, आणि ताई कॉलेजच्या पोरांची मेस चालवायच्या. मोठा व्याप होता. पोळ्या लाटणाऱ्या चार बाया हाताखाली. धाप लागायला लागली तेव्हा त्यांना वाटलं धुरामुळे असेल. मग वजन उतरलं. अंगात कसर, बारीकसा ताप, राहायला लागला. स्कॅनमध्ये फुफ्फुसाकडे जाणारी उजवी वाहिनी भरलेली दिसली. रक्त पातळ करायची औषधं कित्येक महिने दिली, काडीचा फरक नाही. पायांत कुठे गुठळी सापडली नाही. आज हे लिहिताना मला यातली प्रत्येक गोष्ट बोट दाखवल्यासारखी दिसते. तेव्हा कुणालाच दिसली नाही. मोठ्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातूनच कॅन्सर उगवतो आणि हुबेहूब गुठळीचं सोंग घेतो, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पण तो इतका दुर्मिळ की चांगल्या चांगल्या सर्जनची कारकीर्द संपते आणि एकही दिसत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मशीन थांबवलं. टाकीत ताईंचं रक्त साठून राहिलं. मी मिनिटं म्हणत होतो. मधेच सर स्वतःशीच पुटपुटले, “हे नीट सुटत नाहीये.” जुनी गुठळी नीट सोलली तर पापुद्र्यासारखी निघते. ही तुटत होती. सर वेळेच्या मागे लागले होते, आणि ती वेळ मीच त्यांना ओरडून सांगत होतो. तुकडे वाडग्यात पडत गेले. मी मशीन चालू केलं, ताई हळूहळू गरम झाल्या, हृदय सुरू झालं. सगळं व्यवस्थित.

मग मी मांडायला बसलो. बाहेर भरपूर माणसं होती. वाघोलीहून दोन जीपगाड्या भरून आली होती. मला झाड चांगलं लावायचं होतं. काळसर गुठळ्या पुष्कळ होत्या, फांद्याही सुंदर आल्या. एक तुकडा मात्र वेगळा होता. पांढरट. तो कुठे लावला तरी झाडात बसेना. मी तो उचलून गॉजच्या, जाळीदार पट्टीच्या, तुकड्यावर ठेवला. ‘नंतर बरणीत टाकू’ असं मनात आलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण त्या शपथेला किंमत काय? आत येईपर्यंत आवराआवर झाली होती. गॉज पिवळ्या पिशवीत गेला होता, जाळायच्या कचऱ्यात. पिशवी तिथेच कोपऱ्यात होती. उघडता आली असती. मी उघडली नाही. ट्रेमधलं झाड बरणीत घातलं आणि खाली देऊन आलो.

बाहेर काय म्हणालो होतो तेही लिहितो. बबनरावांनी विचारलं, “निघालं का वो सगळं?” मी म्हटलं, “सगळं.” त्यांनी झाडाचा फोटो काढला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मानलं तुम्हाला. ह्ये एवढं घेऊन ती रोज पोळ्या लाटत व्हती.”

लॅबमधून रिपोर्ट आला, जुनी गुठळी, बाकी काही नाही.

ताईंना काही आठवडे बरं वाटलं. मग पुन्हा धाप. पाच-सहा महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा वाहिनी परत भरली होती आणि फुफ्फुसात ठिपके दिसत होते. सुई घालून नमुना घेतला. या वेळी रिपोर्ट वेगळा आला. वाहिनीच्या अस्तराचा सार्कोमा, म्हणजे तोच सोंग घेणारा कॅन्सर. आणि तो आधीपासूनचा.

आमच्याकडे अशा केसवर बैठक होते. सर म्हणाले, “पहिल्या नमुन्यात असणारच. नजरेतून सुटलं असेल.” दोन्ही रिपोर्ट एकाच व्यक्तीनं दिलेले होते. त्यांना आपटे मॅडम म्हणू. पॅथॉलॉजिस्ट, वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. बोलायला तुसड्या आणि कामाला चोख. त्या म्हणाल्या, “पहिल्या नमुन्याचा कणन्‌कण परत कापून बघितला मी. त्यात नाही.” मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. “बरणी तुम्ही आणली होतीत. ट्रेमधलं सगळं आलं होतं ना माझ्याकडे?”

मी म्हटलं, “हो मॅडम. सगळं.”

तांत्रिकदृष्ट्या हे खरं होतं. ट्रेमधलं सगळंच आलं होतं. या वाक्याच्या आडोशाला मी किती काळ राहिलोय, ते माझं मला माहीत.

मॅडमनी मान हलवली. “मग माझंच सुटलं,” म्हणाल्या आणि बसल्या. दारात बाकीची कुटुंबं बसताना होतो तसाच आवाज झाला.

बैठकीनंतर मी सरांना त्यांच्या केबिनमध्ये गाठून खरं सांगितलं. हे माझ्या बाजूनं नोंदवत नाहीये, फक्त झालं तसं सांगतोय. सर बराच वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत राहिले. “एवढ्याशा तुकड्यानं काय फरक पडला असता? रोग होता तो होताच. आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? आपटे सीनियर आहेत, पचवतील.” मला तेच ऐकायचं होतं. मी ते उचलून घरी घेऊन आलो.

केमोथेरपीसाठी ताई आमच्याकडेच यायच्या. माझं त्या वॉर्डात काही काम नसायचं, तरी मी जायचो. पाय थांबायचे नाहीत. कधी दारातून परत फिरायचो. एकदा त्यांनीच हाक मारली.

“ओ दादा, तुम्हीच ना ते झाड मांडनारे?”

बबनराव शेजारी होते. त्यांनी कौतुकानं फोन पुढे केला. माझं झाड फोनच्या दर्शनी पडद्यावर होतं, कुणी देवाचा फोटो ठेवतं तसं.

ताई म्हणाल्या, “आख्ख्या वाघोलीनं बघितलं. किराणावाल्यानं बघितलं. माझ्या आंगातलं, आन मलाच कुनी दावलं न्हाई.”

“तू घाबरशील म्हनून,” बबनराव म्हणाले.

“आता काय घाबरायचं ऱ्हायलंय? द्या हिकडं. आन जरा शहाळं घेऊन या खालनं. ह्या दादांना बी एक.”

ते गेले. ताईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. एकदा हसल्या.

“झ्याक मांडलंय. ताट वाढल्यावानी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मेसमध्ये करपलेली पोळी मी वर ठिवत न्हाई. तळाला घालती. न्हाईतर कुत्र्याला. ह्यातलं करपलेलं कुठाय, दादा?”

मी खोटं बोलू शकलो असतो. सराव होता. पण समोर ताट वाढणारी बाई होती आणि तिला मांडणी कळत होती. माझ्या तोंडून आलं, “एक तुकडा होता. मी तो ट्रेमध्ये घेतला नाही. लॅबलाही गेला नाही.”

“कसला?”

“पांढरट.”

“त्योच का?”

“बहुतेक. आता नक्की सांगता येणार नाही कुणालाच. पण बहुतेक.”

त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. मग विचारलं, “तवाच कळलं असतं तर वाचले असते मी?”

“माहीत नाही. हा रोग वाईट आहे, ताई. पण औषधं आधी सुरू झाली असती. कदाचित थोडं जास्त...”

“थोडं म्हंजी किती? येक दिवाळी का दोन दिवाळ्या?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. कुठल्याही पुस्तकात ते एका माणसापुरतं दिलेलं नसतं.

त्यांनी फोन उशीपाशी ठेवला. “त्या बाईंना सांगितलं का?”

“कुठल्या?”

“तपासनी करनाऱ्या. गोऱ्या, उंच. मागल्या खेपंला आल्या व्हत्या. ह्या हितं बसल्या आन माझा हात धरून रडल्या. म्हनल्या, माझ्या नजरंतून सुटलं, मला माफ करा. मी म्हनलं, केलं माफ, रडू नका.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आता काय करू त्या माफीचं? चुकीच्या मानसाला दिली की मी! जावा. आदी त्या बाईला सांगून या. मग माझ्याकडं या, मग तुमचं बघू. ह्यांना मी सांगते माझ्या हिशोबानं. तुम्ही नका सांगू, ह्यांचा हात लवकर उठतो.”

बबनराव शहाळी घेऊन आले. एक माझ्या हातात दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी ते फोडून आणलं, आतली मलई खरवडून पुढे केली. “घ्या ना. कवळी हाय.” मी ती खाल्ली नाही, काहीतरी सबब सांगून निघालो. ताई माझ्याकडे बघत होत्या.

लॅब एक मजला खाली होती. जिना उतरायला काय लागतं? मी रोज उतरायचोच, पार्किंगकडे जायला. लॅबच्या काचेतून मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या दिसायच्या. एकदा आत गेलोही. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “बरणी आहे?” मी म्हटलं, नाही. “मग?” मी म्हटलं, काही नाही, सहज. “सहज यायची ही जागा नाही,” त्या म्हणाल्या. एरवी ऐकलं असतं तर हसलो असतो.

मी त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नोकरी जाईल असं वाटायचं. सर अडचणीत येतील असं वाटायचं. मुलीची बारावी होती. कारणं खरी होती सगळी, त्यात खोटं एकही नव्हतं, म्हणूनच ती टिकली. मधल्या काळात मॅडमनी आमच्याकडचं काम सोडलं. लॅबमधली मुलगी सांगायची की शेवटी शेवटी त्या साधा रिपोर्टसुद्धा दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सही करत नव्हत्या. ज्या बाईची सही म्हणजे शेवटचा शब्द असायचा, ती ज्युनिअरला विचारायची, “तुला काय वाटतं?”

आणि ताईंकडे मी परत गेलो नाही. त्यांनी अट घातली होती, ती पुरी केली नव्हती, मग कुठल्या तोंडानं जाणार? त्यांना ठेवलं होतं तो वॉर्ड टाळून दुसऱ्या जिन्यानं जायचो. दिवाळी त्यांना एक मिळाली. दुसरी नाही.

दहाव्याला वाघोलीला गेलो. मागच्या रांगेत उभा होतो, तरी बबनरावांनी पाहिलं. जवळ आले. त्यांचा हात उठेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर उठावा असंही वाटलं. ते म्हणाले, “फोटो काढून टाकला मी. तिनं सांगितलं व्हतं मला सगळं.” मग म्हणाले, “शेवटी शेवटी विचारायची, आले का ते दादा? मी म्हनायचो, न्हाई. येतील म्हनायची.” एवढं बोलून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले.

मी मॅडमना जाऊन सांगितलं ते त्यानंतरही लगेच नाही. या लेखाचं निमंत्रण आलं, मी नेहमीच्या गमतीजमती लिहायला घेतल्या, नारायण पेठेतले गृहस्थ लिहिले, युसूफभाई लिहिले, आणि ‘कचऱ्यात नको’पाशी येऊन हात थांबला. तो पुढे सरकेना. मग पत्ता काढला आणि गेलो. मॅडम आता एका कॉलेजात शिकवतात. रिपोर्ट करत नाहीत.

त्यांनी दार उघडलं. ओळखलं. “या. काय काम?” म्हणाल्या, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. मी तिथेच उभ्यानं सगळं सांगितलं. ट्रे, झाड, गॉज, पिवळी पिशवी, बैठकीतलं ‘सगळं’. कुसुमताई काय म्हणाल्या तेही सांगितलं, आणि हे सगळं लिहितोय तेही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मॅडमनी मला एकदाही थांबवलं नाही.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, “कुसुमताईंनी दिलेली माफी मी ठेवून घेणार आहे. तिची मला गरज नव्हती हे आज कळलं, तरी ठेवणार. तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही.”

मी हो म्हटलं. वळलो.

“थांबा. केवढा होता?”

मी करंगळी पुढे करून पेर दाखवलं.

“रंग?” मी सांगितला. “चकाकत होता का?” हो. “दाबल्यावर?” सांगितलं. “कडा? कुठल्या बाजूच्या वाहिनीतून?” सांगत गेलो. मला सगळं आठवत होतं. त्या प्रत्येक उत्तरावर हलकेच मान हलवत होत्या. डोळे माझ्यावर नव्हते. ओठ हलत होते. रिपोर्ट सांगताना त्यांचा असा एकसुरी आवाज लागायचा, तो लागला होता. बऱ्याच वर्षांनी तो आवाज मी ऐकला. मग त्यांनी स्वतःच्या करंगळीचं पेर अंगठ्यानं मापलं.

“एवढं पुष्कळ झालं असतं मला,” त्या म्हणाल्या.

दार लावता लावता थांबल्या. “लिहिताय म्हणालात ना? मग माझं नाव घालू नका, आणि रडगाणं लिहू नका. तो कसा होता तेवढं नीट लिहा. कुठेतरी कुणीतरी ट्रे मांडायला बसलेला असेल.”

म्हणून लिहितो.

करंगळीच्या एका पेराएवढा. पांढरट, किंचित पिवळसर झाक असलेला. ओला, चकचकीत, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा. बोटानं दाबला तर दबायचा आणि परत वर यायचा, पण गुठळीसारखा भुगा होत नव्हता. धुतल्यावर त्याचा रंग गेला नाही. एका कडेला वाहिनीचं अस्तर चिकटून होतं, जणू तो तिथूनच उगवला होता. उजव्या वाहिनीतून आलेला. झाडात कुठेही न बसणारा.